एकतीस सुटे नट

१८ जानेवारी, शनिवार

करमसिंग गेला. बावीस वर्षांनी. भांडण नाही, आवाज नाही. खिशातला एकोणीसचा पाना काढला, बाकावर ठेवला, हात पुसले आणि गेला. पाना वर्कशॉपचा आहे, एवढं त्याच्या लक्षात होतं!

परवा, गुरुवारी, रनाळ्याच्या उखाची ट्रॉली आपल्याकडून गेली. मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्या बदलून दिल्या होत्या. कारखान्यावर ऊस उतरवायला त्याने फाळका खाली घेतला आणि एक बिजागरी सुटली. दुसरीने भार धरला नाही. अख्खा लोखंडी फाळका उखाच्या पायावर. उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. नंदुरबारला दवाखान्यात आहे.

काल मी स्वतः कारखान्यावर जाऊन आलो. ट्रॉलीखालचा नट उचलून बोल्टवर फिरवून बघितला. बोल्ट बारा एमएमचा. नट चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा. दोघांत केसाएवढा फरक. पाना दोघांना एकच लागतो — एकोणीसचा. चार सुताचा नट बारा एमएमच्या बोल्टवर जातो, नको तितका पटकन जातो, पण आटे धरत नाहीत. वजन आलं की निसटतो. हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात.

आज सकाळी उखाचा शालक दोघं-तिघं घेऊन आला. समोरच्या चहाच्या टपरीवरचेही उठून आले. "नट कोनी लाया?" मी म्हणालो, करमसिंगने. नट-बोल्टाचं खातं त्याचं, जग जाणतं. तो वेल्डिंगची काच हातात धरून उभा होता. माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलला नाही.

चूक नसती तर बोलला नसता का?

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी असून उघडलं. एकटाच. छत्तीस डबे मोजले. तेलाचे पत्र्याचे आडवे कापलेले, ग्रीसचे, बिस्किटांचे, एक तर माझ्या लग्नातला पेढ्यांचा. कशावर काही लिहिलेलं नाही. कशात काय ते करमसिंगच्या डोक्यात.

त्याची एक रीत होती. कुठलंही मशीन उघडलं की निघालेला नट तिथल्या तिथे त्याच बोल्टवर फिरवायचा आणि मगच डब्यात टाकायचा. सुटा नट त्याने कधी टाकला नाही, मला टाकू दिला नाही. "एकला नट कोना शे ते मंग कोन सांगी, शेठ?" मी चेष्टा करायचो — लग्नं जमवतोस का रे? वधू-वर मंडळाचा बोर्ड लाव बाहेर! हसायचा आणि जोडी लावूनच ठेवायचा.

माझी रीत वेगळी. हातात काम असलं की निघालेलं सगळं टेबलाच्या खणात. नंतर बघू म्हणून. ते नंतर कधी आलं नाही.

आता ठरवलं. सगळं ओतायचं, एकेक जोडी फिरवून तपासायची. सूत वेगळं, एमएम वेगळं, ज्याचा-त्याचा खण. पुन्हा कोणाचा पाय जाता कामा नये. आणि कागदाशी खोटं कशाला बोलू — मला त्याची चूक सापडायला हवी आहे. बारा एमएमच्या बोल्टवर चार सुताचा नट, अशी एक जोडी त्याच्या डब्यात निघाली तरी पुरे. मग मी म्हणालो ते खरं.

२० जानेवारी, सोमवार

गुडघे साथ देत नाहीत. जमिनीवरून सगळं बाकावर घेतलं. दिवसभरात दोन डबे.

२२ जानेवारी, बुधवार

मयूरी बस स्टँडजवळच्या मेडिकलवर काम करते. तिथले जुने प्लास्टिकचे खण घेऊन आली, अठ्ठेचाळीस! मालकांनी नवं फर्निचर केलं म्हणे. पोरगी कामाची आहे. चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. अक्षरं केवढी मोठी — पहिलीच्या वर्गात लावावीत तशी. मी म्हटलं, एवढी कशाला? म्हणाली, "अशीच बरी दिसतात, पप्पा."

त्यांच्या मेडिकलमध्ये एक काढतो आणि दुसरा तपासतो, तोवर औषध गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. मी म्हटलं, ते गोळ्यांचं ठीक. लोखंड हातात घेतलं की कळतं.

२५ जानेवारी, शनिवार

आटे मोजायची पट्टी काढली. दात्यांची, वडिलांच्या वेळची. तिच्यावरचे आकडे पार झिजलेत, वाचवत नाहीत. वर्कशॉपमधला बल्ब बदलून मोठा लावला. फार फरक पडला नाही. हल्ली बल्बच हलके येतात.

आतापर्यंत अकरा डबे. जोड्या फिरवून बघतो — न अडता जातो, न डगडगता बसतो. सगळ्या बरोबर. अजून पंचवीस डबे आहेत.

उखाला भेटायला गेलो नाही. बायको रंजना दोनदा म्हणाली. म्हटलं, जाईन.

२८ जानेवारी, मंगळवार

सापडला!

ग्राइंडरच्या मागे, भिंतीला टेकवून, वर पोतं टाकलेला एक डबा. आत नट. नुसते नट. एकावरही बोल्ट नाही. ज्याने बावीस वर्षं मला सुटा नट टाकू दिला नाही त्याच्याच कोपऱ्यात हा डबा! मयूरी दुपारच्या जेवणाला आली होती, तिच्याकडून मोजून घेतले. एकतीस. बारा एमएमच्या बोल्टवर एकेक घालून बघितला, सगळे डगडगतात. एकतीसच्या एकतीस चार सुताचे. उखाच्या ट्रॉलीवर होता तसलेच.

म्हणजे इथूनच गेला तो नट. लोकांसमोर नियम, आणि पोत्याखाली हे. उखाच्या ट्रॉलीचा नट मी कागदात बांधून कपाटात ठेवला आहे. त्याच्या शेजारी हा डबा ठेवला.

हायसं वाटायला हवं होतं. वाटलं. पण जेवण गेलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

टपरीवर विषय निघाला. करमसिंग दोन-तीन ठिकाणी काम विचारून आला म्हणे. दोंडाईचा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने तर गेटातूनच परत पाठवला. एकजण म्हणाला, "ज्याना हातखाले मानूसना पाय गया त्याले कोन ठेवी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

मग तो वर गेला, काठीला, घरी. त्या डोंगरात वेल्डिंग मशीन कोणाकडे आहे? पण मी काय करू? मी नाही त्याला चुकायला सांगितलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

अजून एकही नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

संपलं. छत्तीस डबे रिकामे, अठ्ठेचाळीस खण भरले. मोजदाद लिहून ठेवतो. करमसिंगच्या डब्यांत अकराशे चाळीस जोड्या. गंजलेल्या, वाकलेल्या, रंग लागलेल्या. ट्रॅक्टरच्या, पंपाच्या, केळीच्या गाड्यांच्या. चुकीची जोडी — शून्य.

सुटे नट आणि सुटे बोल्ट दोनच ठिकाणी निघाले. ग्राइंडरमागचा डबा, आणि माझ्या टेबलाचा खण. खणात अडीचशेच्या वर. सूत आणि एमएम सगळं एकात, खिचडी. चार सुताचे नट त्यात मुठीने.

उखाची बिजागरी मी टेबलाशेजारीच बसवली होती.

हे वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं. बसवली "होती"? मी? आम्ही दोघांनी बसवली होती. पाना कोणाच्या हातात होता, आठवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मयूरीला सुट्टी. म्हणाली, "मी तपासू का? एकाने भरलं, आता दुसऱ्याने बघायचं." मी म्हटलं, बघ की. हौसेने बारा एमएमचा खण पुढे केला. साठ जोड्या त्यात. नमुन्याचा एक नट दोऱ्याला बांधून तिच्या हातात दिला — हा ज्या बोल्टवर सरळ जाईल तो बारा एमएम.

पोरगी वीसेक मिनिटं बसली. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला ढीग. दुसरा ढीग वाढत गेला. शेवटी हळू विचारलं, "पप्पा, हा खण तुम्हीच भरलात ना?"

साठातल्या एकोणीस चार सुताच्या होत्या.

मी ओरडलो तिच्यावर. नट नीट फिरवला नसशील, तुला यातलं काय कळतं, औषधं विक जा. कधी असं बोललो नव्हतो. ती रडली नाही. फक्त दोरा गुंडाळून बाकावर ठेवला. रंजना मागच्या दारातून आली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो — "पोरवर कसाले आरडी ऱ्हायनात? दिवाळीपाईन तुमले दिसत नई. चहामा दोनदा मीठ टाकं तुम्ही. आमले काय समजत नई का?"

दोघी घरात गेल्या. मी एकोणीस जोड्या समोर घेऊन बसलो. डोळ्यांना त्या बारा एमएमच दिसत होत्या. आताही दिसतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज लिहायचंच.

दिवाळीच्या आधी नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं — साखरेने डोळ्यांचा पडदा खराब केला आहे. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते जपा. बारीक काम बंद करा. मी चिठ्ठी पाकिटात घातली आणि एसटीने घरी आलो. रंजनाला म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढलाय. या वहीतही लिहिलं नाही. हेमकांतभाईला दिसत नाही हे एकदा गावात गेलं की ट्रॉली घेऊन कोण येणार? तीस वर्षं लोक हातावर भरवसा ठेवून आले. बल्बला शिव्या दिल्या, पट्टीला शिव्या दिल्या. आपलं ठेवायचं झाकून, ते हेच.

आता सोळा जानेवारी. करमसिंग वर्कशॉपवर नव्हता. गॅसचा सिलेंडर आणायला गेला होता. फाळक्याची एक बिजागरी त्याने आधीच बसवली होती, दुसरी आल्यावर बसवतो म्हणाला होता. उखा सारखा हॉर्न वाजवत होता. "भाई, कारखानाले नंबर लागना शे, निंघू द्या!" मी म्हटलं, त्यात काय एवढं. बोल्ट घातला. नट टेबलाच्या खणातून घेतला, हात घालून, न बघता. बघून तरी काय झालं असतं! पटकन बसला. मला वाटलं, हात अजून तयार आहे.

पाना माझ्या हातात होता.

एकच गोष्ट राहिली. अठरा तारखेला लोकांसमोर करमसिंगचं नाव घेतलं तेव्हा मला हे माहीत होतं का? "माहीत नव्हतं" असं लिहायला पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. आठवत नव्हतं असं नाही. मी आठवलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे फाशी देणाराच चोर.

फक्त हे कळत नाही — तो गप्प का राहिला? सिलेंडर आणायला गेलो होतो, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. आणि तो डबा कसला?

१५ फेब्रुवारी, शनिवार

रनाळ्याला जायला बस स्टँडवर गेलो. गाडी लागली होती. चढलो नाही. उसाचा रस पिऊन परत आलो — साखर असून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

करमसिंगचा चुलतभाऊ दिवाल्या आला. टोपल्या विकायला उतरला होता. करमसिंगची इथे राहिलेली चप्पल आणि वेल्डिंगची काच मागायला आला. काच करमसिंगची स्वतःची.

विचारलं, कसा आहे तो? म्हणाला बरा आहे. यंदा पाळणी, म्हणजे होळीचं व्रत, धरलं आहे; होळीत बावा होऊन घुंगरं बांधून नाचणार. मग सहज सांगावं तसं — होळीनंतर टोळीबरोबर सुरतला जाणार आहे, बांधकामावर. मुकादमाला नाव दिलं. मी विचारलं, वेल्डिंगला? "नई शेठ. माल उचलाले."

अठ्ठेचाळीस वय. बावीस वर्षं या हातांनी मोटरी उघडल्या, आता विटा-सिमेंट डोक्यावर. होळी तेरा मार्चला. तेवढेच दिवस.

काच दिली नाही. म्हटलं, मी स्वतः आणून देईन.

२३ फेब्रुवारी, रविवार

रनाळ्याला गेलो. रंजना बरोबर आली. मयूरीही आली असती, मीच नको म्हटलं. मुलीसमोर बोलवलं नसतं.

उखा ओट्यावर खाटेवर बसला होता. पायाला अजून पट्टी. चहा आला. तो हातात धरून मी सांगून टाकलं. नट मी लावला. करमसिंग तिथे नव्हता. मला दिवाळीपासून नीट दिसत नाही, ते मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्यापासूनही लपवलं. माफ कर, असं म्हणायचं ठरवलं होतं, पण पाय समोर दिसत असताना तो शब्द हलका वाटला. म्हणालो नाही.

उखाने पायाची पट्टी सारखी केली. मग त्याची बायको रेवाबाई आतून म्हणाली, "मंग त्या बिचाराले का बरं गावभर बदनाम कया?" उखाने हात वर करून तिला थांबवलं. मला म्हणाला, "भाई, घाई मी कई. हॉर्न मी वाजाडा. मन्हा पायनं मी सोसस. पन करमसिंगनी रोजी गई, ती कोन सोसी?"

मी म्हटलं, काय करू सांग.

"जठे त्यानं नाव लिन्हं तठेच सांगा. तेवढाच लोकेसमोर. माले काय नको."

परत येताना गाडीत रंजनाने माझा हात धरून ठेवला होता. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एसटीत तिने कधी हात धरला नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. उखाच्या शालकाला फोन करून बोलावून घेतलं. टपरीवर दहा-बाराजण होते. वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो, तिथेच जिथे त्या दिवशी उभा होतो. चार वाक्यं.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोंडाईचा रस्त्यावरचा गॅरेजवाला खाली बघत म्हणाला, "आपण त्याला गेटाबाहेरून परत पाठवलं." मग एकेक करून गेले. आज दिवसभर एकही गिऱ्हाईक आलं नाही. अपेक्षितच होतं.

दुपारी मयूरी आली. तिला म्हटलं, एकोणीस जोड्या तू तुझ्या हाताने योग्य खणात घाल. आणि बाकीचे सत्तेचाळीस खणही तपास. मी भरलेलं आजपासून तपासल्याशिवाय कोणाला द्यायचं नाही. तिने मान डोलावली. म्हटलं, त्या दिवशी बोललो ते मनात ठेवू नको. म्हणाली, "ठेवलं नाही पप्पा." ठेवलं असणार, पण पोरगी मोठ्या मनाची आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर पुन्हा मोठं आलंय. एका पानावर अकरा ओळी बसतात. मागच्या वर्षी चोवीस बसायच्या.

११ मार्च, मंगळवार

काठीला जाऊन आलो. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट चढून मोलगी, तिथून जीप. मयूरीने रजा घेऊन नेलं. घाटातली वळणं पोटात जाणवतात, डोळ्यांना नुसता उजेड.

गाव होळीच्या तयारीत. करमसिंग घराच्या अंगणात जमिनीवर बसून घुंगरं ओवत होता. अनवाणी. पाळणीतला माणूस खाटेवर बसत नाही. त्याची बायको रूपलीबाई माझ्यासाठी खाट ओढायला लागली. मी नको म्हटलं, खाली त्याच्यासमोर बसलो. बावीस वर्षांत त्याच्या घरी पहिल्यांदा. तो माझ्याकडे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेवायचा.

काच त्याच्यासमोर ठेवली. बोललो. तिथे शेजारची चार माणसं होती, त्यांच्यासमोरच बोललो. नट माझा. खोटं माझं. शहाद्यात वर्कशॉपच्या दारात सगळ्यांना सांगितलं आहे, रनाळ्यातही. तुझ्यावर आता कोणाचं बोट नाही. तू ये. आला नाहीस तरी चालेल, पण विटा उचलायला जाऊ नकोस. गॅरेजवाल्यानेही तुला बोलावलं आहे, हवं तर त्याच्याकडे जा.

तो घुंगरं ओवतच होता. मी विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीस? सिलेंडरचं तरी सांगायचंस.

हात थांबले. म्हणाला, "आते नई, शेठ. होळी व्हऊ द्या." थोड्या वेळाने, "ग्राइंडरना मांगे एक डबा व्हता. शे का?"

आहे म्हटलं. कपाटात ठेवलाय.

"त्यातला नट खणमा टाकात नई ना?"

नाही टाकले. त्याने मान हलवली आणि दोरा पुन्हा सुईत ओवला, पहिल्याच झटक्यात. मला ते दिसलं नाही. मयूरीने नंतर सांगितलं.

निघताना रूपलीबाईने पाणी दिलं. होळीच्या दांड्यासाठीचा खड्डा इथे हातांनी उकरतात, हत्यार लावत नाहीत. हे मला त्याने कितीदा सांगितलं होतं. मी म्हणायचो, अरे, पहार दुकानातून घेऊन जा की. तो नुसता हसायचा.

येईल की नाही, काही कळलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आमच्या गल्लीत पेटली. बावीस वर्षांत हे चार दिवस तो सुट्टीवर असायचा. तसाच आहे असं समजून बसलो.

१५ मार्च, शनिवार

मुकादमाच्या गाड्या आज-उद्या निघतात म्हणे. आज वर्कशॉप झाडलं. दोनदा.

१७ मार्च, सोमवार

करमसिंग सकाळी साडेआठला आला. रोजच्या वेळेला. कपाटातला डबा मागितला आणि बाकावर ओतला.

"एकतीस. दिवाळीपाईन. तुम्ही घर गयात का मी रोज तुमनं काम तपासत व्हतू. चुकेल नट काढू, बराबर लावू. चुकेल ह्या डबामा." मग म्हणाला, "त्या दिन मी सिलेंडर लेवाले गयथू. उनू तव्हय ट्रॉली निंघी गयथी. तपासानं मन्हं काम व्हतं, शेठ. चूक मन्हीबी शे. मंग काय बोलू?"

कपाटातून उखाचा नट आणला. कागद सोडून त्या ढिगात ठेवला. बत्तीस.